पान उलटून पाहताना

पुंडलिकनगरातील आमच्या घराच्या मागच्या भिंतीत एक जुनी ओल आहे. जायकवाडीचे पाणी पैठणहून या शहरापर्यंत येते, जलकुंभात चढते आणि तेथून काही दिवसांच्या अंतराने आमच्या नळाला उतरते. पण ज्या दिवशी उतरते त्या दिवशी ते आमच्या हौदात आणि आमच्या भिंतीत जवळजवळ सारखेच जाते. त्या ओलीवर, नळाच्या जोडापाशी, विटांच्या सांध्यातून एक नेचा उगवला आहे. लांबट पट्ट्यापट्ट्यांचे पान, टोकाची पट्टी सर्वांत लांब. वनस्पतिशास्त्रात त्याला 'टेरिस व्हिटाटा' म्हणतात. चुना आणि ओल एवढ्या दोन गोष्टी मिळाल्या की तो कुठल्याही शहरात, कुठल्याही भिंतीवर सुखाने संसार थाटतो. जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवण्याची विलक्षण ताकद त्याच्यात आहे, हे २००१ साली 'नेचर' या नियतकालिकातून जगाला कळले. आमच्या घरात मात्र तो 'भिंत खराब करणारे गवत' याच नावाने ओळखला जात असे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर गिलाव्यासाठी गवंडी बोलावला. भिंत मोकळी करायची म्हणून माळ्यावरचे सामान खाली आले आणि त्यात एक फाईल निघाली. आम्ही जेथे मराठी शिकवत होतो त्या महाविद्यालयाच्या २००४ सालच्या वार्षिकांकाची ती फाईल. आत लाल पेन्सिलीने खोडलेली सात पाने होती आणि त्यांच्यामागे एक जाड पांढरा कागद. त्या कागदावर चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यांनी बसवलेली पाच वाळलेली पाने होती. प्रत्येक पान ताडाच्या पंख्यासारखे, पण बोटाएवढे. उजव्या खालच्या कोपऱ्यात, हर्बेरियमच्या कागदावर असते तशी, चिठ्ठी डकवलेली होती. वनस्पतीचे नाव: ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. कुल: ॲक्टिनिऑप्टेरिडेसी. स्थानिक नाव: मोरशिखा. स्थळ: गावाबाहेरील जुन्या विहिरीची भिंत, पूर्वेकडील बाजू. दिनांक: ऑगस्ट २००४. गोळा करणारी: आणि त्यापुढे एका विद्यार्थिनीचे नाव.

ते नाव वाचताच आम्हांला सगळे आठवले. खरे तर विसरलो कधीच नव्हतो. केवळ निराळ्या रीतीने आठवत होतो. गेली वीस वर्षे ती हकिकत आम्ही आमच्या उदारपणाचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहोत. आता ती नीट सांगितली पाहिजे.

ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि द्वितीय भाषा म्हणून मराठी घेऊन आमच्या वर्गात बसत असे. वार्षिकांकासाठी तिने ही सात पाने दिली. विषय होता मोरशिखा नावाचा नेचा. तो कोठे वाढतो, कसा वाळतो, कसा जिवंत होतो, शास्त्रज्ञांनी त्याला कोणकोणती नावे दिली, कोणाचे कोठे चुकले. सात पानांत एक वाक्य तिच्या आजीविषयी होते. आजीच्या लहानपणी त्या विहिरीवर तिला स्वतः पाणी शेंदता येत नसे; कोणी वरून ओतेपर्यंत ती घागर घेऊन खाली थांबे, आणि थांबल्या थांबल्या भिंतीवरच्या मोरशिखा मोजत असे. एवढेच. पुढचे वाक्य पुन्हा नेच्याचे.

आम्ही लेख वाचला, लेखिकेचे आडनाव वाचले, आणि ते एक वाक्य वाचले. आमच्या दृष्टीने निर्णय तेथेच झाला. त्या वर्षीच्या अंकात आम्ही 'दलित आत्मकथन' असा एक विभाग केला होता. लेख त्या विभागात गेला. सात पानांची अडीच पाने झाली. वगळलेला मजकूर अर्थातच वनस्पतिशास्त्राचा. आजीचे वाक्य आम्ही ठळक अक्षरांत, चौकटीत छापले. हर्बेरियमचा कागद छापण्याजोगा नव्हता. तो फाईलीत राहिला. संपादक म्हणून अंकावर समितीचे नाव होते. परंतु वाचकांपाशी कबूल करायला हरकत नाही की येथे 'आम्ही' म्हणजे समिती नव्हे. एकटे आम्हीच.

अंक निघाल्यावर ती भेटायला आली. "सर, हे माझं नाही," एवढेच म्हणाली. आम्ही तिला समजावले. या शहराची परंपरा सांगितली. १९५० साली बाबासाहेबांनी येथे उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयापासून गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'पर्यंत सर्व काही सांगितले. त्या परंपरेत तुझा लेख बसतो हा केवढा मान आहे, असेही म्हणालो. तिने सर्व ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "ते सगळं मला माहीत आहे सर. पण मी मोरशिखेवर लिहिलं होतं." त्यानंतर तिने आम्हांला लिहिलेले काहीही दाखवले नाही. पुढे वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती दुसऱ्या जिल्ह्यात अध्यापक झाली, एवढे कानावर आले.

भिंतीचा गिलावा चार दिवस चालला. त्या चार दिवसांत आम्ही अंगणात बसून लाल रेघांखालची सात पाने प्रथमच वाचली. प्रथमच, हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे.

नेचे ही वनस्पतींची मोठी जुनी शाखा. त्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. पानाच्या खालच्या बाजूस तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात. लोक त्यांना कीड समजतात. ते बीजुककोशांचे पुंज असतात. त्यांतून धुळीसारखी बीजुके उडतात, ओल्या जागी पडली तर त्यांपासून नखाहूनही लहान, बहुधा हृदयाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते, आणि त्या पापडीवर पाण्याच्या पातळ थरातून नर-पेशी पोहत मादी-पेशीकडे जाते तेव्हा कोठे नवा नेचा जन्माला येतो. हे दोन पिढ्यांचे चक्र १८५१ साली होफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने स्पष्ट केले. त्याच्या शंभर वर्षे आधी लिनियसला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने १७५३ च्या ग्रंथात फुले नसलेल्या साऱ्या वनस्पती चोविसाव्या वर्गात टाकल्या आणि त्या वर्गाला नाव दिले 'गुप्त विवाह' अशा अर्थाचे. जे दिसत नाही ते गुप्त आहे असे म्हणणे यात एक नम्रता आहे. जे दिसत नाही ते नाहीच, असे तो म्हणाला नाही.

पाण्यावाचून ज्याचा वंश चालत नाही त्याने खरे म्हणजे कोकणात, घाटात राहावे. आणि बहुतेक नेचे तसेच राहतात. मोरशिखा मात्र दख्खनच्या तापलेल्या काळ्या पाषाणात राहते. किल्ल्यांचे तट, पडक्या विहिरी, डोंगरउतारावरचे खडक, जेथे बोट शिरणार नाही अशा फटीत तिचे आखूड खोड असते. त्यातून वीतभराच्या आतले देठ निघतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला पंखा. हा पंखा दोनाचे चार, चाराचे आठ अशा फाट्यांनी बनलेला असतो. अरुंद, ताठ, गवताच्या काडीसारख्या पट्ट्या. पाऊस सरला की पट्ट्या आत वळतात, पंखा मिटतो, रंग मातकट होतो. मार्च-एप्रिलमध्ये हात लावला तर चुरा होईल असे वाटते. ती मेलेली नसते. अंगातले जवळजवळ सर्व पाणी जाऊ देऊन ती थांबलेली असते. पहिला चांगला पाऊस झाला की त्याच पट्ट्या उलगडतात, हिरव्या होतात. निवडुंग पाणी साठवून दुष्काळ काढतो. मोरशिखा पाणी सोडून देऊन काढते. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

आता नावांची कथा. मुलीच्या सात पानांतला सर्वांत मोठा भाग हाच होता आणि लाल रेघाही येथेच सर्वांत दाट होत्या.

नेच्यांची ओळख वरून पटत नाही. पान उलटावे लागते. अठराव्या शतकापासून अभ्यासक पुंजांचा आकार आणि जागा पाहून प्रजाती ठरवत आले. गोल ठिपके असतील तर एक प्रजाती, लांब रेघा असतील तर दुसरी. स्वीडनचा ओलोफ स्वार्ट्स हा त्या काळातील मोठा नेचेतज्ज्ञ. त्याने या वनस्पतीचे पान उलटले, त्याला रेघ दिसली, आणि १८०१ साली त्याने तिला 'ॲस्प्लेनियम रेडिएटम' म्हटले. रेघेसारखे पुंज हे ॲस्प्लेनियम प्रजातीचे लक्षणच होते. रेडिएटम म्हणजे किरणांसारखे पसरलेले. विशेषण उत्तम, विशेष्य चुकले. कारण ॲस्प्लेनियमची रेघ पानाच्या पृष्ठावर शिरेच्या कडेने धावते, आणि मोरशिखेची रेघ पट्टीच्या अगदी काठाशी असते. पट्टीचा काठच खाली दुमडून त्या रेघेवर पांघरूण घालतो. पट्टी इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचे दुमडलेले काठ मधल्या शिरेपाशी जवळजवळ एकमेकांना भिडतात. वरवर पाहणाऱ्याला ती सलग रेघ वाटते. पान उलटले होते. काठ उलटला नव्हता.

चाळीस वर्षांनी, १८४१ साली, बर्लिनच्या राजोद्यानाचा संचालक योहान लिंक याने आपल्या बागेतील नेच्यांवर ग्रंथ लिहिला आणि ही वनस्पती ॲस्प्लेनियममधून काढून तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली: ॲक्टिनिऑप्टेरिस. ग्रीक भाषेत 'अक्टिस' म्हणजे किरण आणि 'टेरिस' म्हणजे नेचा. त्या 'टेरिस'च्या मुळाशी पंख किंवा पीस असा अर्थ. किरणांचे पीस. आपल्याकडे ज्याने कोणी 'मोरशिखा' म्हटले त्याला लिंकचे पुस्तक वाचावे लागले नव्हते.

प्रजाती ठरली, पण कुल ठरेना. हिचे नातलग कोण? एवढासा ताड दुसऱ्या कुठल्याच नेच्यासारखा दिसत नाही. अखेर १९६२ साली इटलीचे रोडोल्फो पिची सेर्मोली यांनी या प्रजातीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिच्यासाठी स्वतंत्र कुलच स्थापन केले. आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान आणि भारतीय उपखंड एवढ्या प्रदेशात मिळून जेमतेम पाचेक जाती, एक प्रजाती, आणि तिचे एकटीचे कुल. कोणाशीच न जुळणाऱ्याला स्वतंत्र घर देणे हा सन्मानही असतो आणि सोडवणूकही. पुढचा प्रश्न मग विचारावा लागत नाही. मुलीच्या चिठ्ठीवरचे 'ॲक्टिनिऑप्टेरिडेसी' ते हेच.

गंमत अशी की ती चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा हे कुल आधीच मोडकळीस आले होते. २००१ साली गॅस्टनी आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी हरितलवकातील एका जनुकाची तुलना करून दाखवले की मोरशिखा टेरिडेसी या मोठ्या कुलातलीच आहे आणि तिची सर्वांत जवळची बहीण आहे ऑनिकियम ही प्रजाती. २००७ साली तीन जनुकांवर आधारलेल्या अधिक व्यापक अभ्यासातूनही टेरिडेसी कुलाचा नकाशा असाच उभा राहिला. २०१६ साली ९४ अभ्यासकांनी मिळून जगातील नेचे आणि त्यांच्या सोबत्यांचे जे वर्गीकरण केले, सुमारे ११,९०० जाती, ३३७ प्रजाती, ५१ कुले, त्यात ॲक्टिनिऑप्टेरिडेसी हे स्वतंत्र कुल नाही. म्हणजे आमच्या भिंतीतला पाणीपिता टेरिस आणि तिच्या विहिरीवरची तहानलेली मोरशिखा एकाच कुलातल्या निघाल्या.

ऑनिकियम आम्ही चित्रात पाहिले. ते हिमालयासारख्या ओलसर डोंगरांत वाढते. पान गाजराच्या पाल्यासारखे, अतिशय बारीक कातरलेले. मोरशिखेशेजारी ठेवले तर कोणी त्यांना बहिणी म्हणणार नाही. पण पान उलटले की ऑनिकियमचीही पट्टी अरुंद, रेघ काठाशी, काठ खाली दुमडलेला आणि दोन्ही काठ मधल्या शिरेपर्यंत आलेले. जनुकांनी जे नाते सांगितले त्याची खूण पानाच्या खालच्या बाजूस पूर्वीपासून होती. वरचा पंखा इतका लक्ष वेधून घेणारा होता की एकटेपण हेच तिचे कुल ठरून गेले.

हे वाचताना आमची अवस्था काय झाली ते वाचकांनी ताडले असेल. आम्हीही एक लेख हाती घेतला होता. त्याचे एक वाक्य लक्ष वेधून घेणारे होते. त्यावरून आम्ही कुल ठरवले.

येथे मराठीची एक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजीत वर्गीकरणाच्या पायऱ्यांना जे शब्द आहेत ते सामान्य व्यवहारात फारसे बोचत नाहीत. आपल्याकडे त्या पायऱ्यांची नावे आहेत कुल, प्रजाती आणि जाती. वनस्पतिशास्त्राचा मराठी पाठ समाजशास्त्राच्या पाठासारखा ऐकू येतो. मुलीने सात पानांत एके ठिकाणी कंसात लिहिले होते की झाडांचे कुल बदलता येते, पुरावा दिला की झाले. आम्ही ते वाक्यही खोडले होते; समासात 'विषयांतर' असा शेरा होता. विषयांतर नव्हते. त्या वाक्याला आत्मकथन म्हणायचे असते तर कदाचित म्हणता आले असते. पण ते आमच्या डोळ्यांना दिसले नाही, कारण त्यात विहीर नव्हती, घागर नव्हती, आमच्या परिचयाचे दुःख नव्हते.

कोणी असे समजू नये की आम्ही वर्गीकरणाच्या विरुद्ध आहोत, किंवा 'दलित साहित्य' हे नावच नको असे म्हणत आहोत. तसे म्हणणे हा दुसरा आणि अधिक सोयीचा अन्याय होईल. ते नाव लिहिणाऱ्यांनी स्वतः घेतले, त्यासाठी वाद घातले, किंमत मोजली. स्वतः घेतलेले नाव आणि दुसऱ्याने आडनाव पाहून डकवलेली चिठ्ठी यांत अंतर आहे. झाडाला विचारता येत नाही म्हणून शास्त्रज्ञाला पान, काठ, बीजुक, जनुक असे करत करत दोनशे वर्षे घालवावी लागतात. आमच्यासमोर तर लेखिका उभी होती. सांगतही होती. आम्ही तिला परंपरा समजावत बसलो.

या शहराला नावाची किंमत ठाऊक आहे. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी, मग फत्तेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. आमच्या कपाटातील पाकिटांवर त्यांतली दोन नावे आहेत आणि दोन्हींवर पुंडलिकनगर तेवढे कायम. येथल्या विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे संघर्ष झाला, माणसे मेली, घरे जळाली, आणि १९९४ साली 'मराठवाडा' हा शब्द राखून त्याच्याआधी बाबासाहेबांचे नाव आले. त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटले गेले. अशा शहरात चाळीस वर्षे मराठी शिकवून आम्ही एका मुलीच्या लेखाला नाव देताना क्षणभरही थांबलो नाही.

वनस्पतिशास्त्रात नाव बदलण्याची एक रीत आहे आणि ती आम्हांला फार मोलाची वाटते. मोरशिखेचे पूर्ण शास्त्रीय नाव लिहिताना शेवटी आधी कंसात स्वार्ट्सचे आणि मग कंसाबाहेर लिंकचे नाव येते. म्हणजे ज्याची प्रजाती चुकली त्याचे नाव पुसत नाहीत. 'रेडिएटा' हे विशेषण त्याचे, म्हणून तो कंसात कायम राहतो. चूक आणि दुरुस्ती दोन्ही सहीनिशी. हर्बेरियमच्या कागदावरही हाच नियम. नंतर कोणी अभ्यासक आला आणि त्याला निराळे नाव योग्य वाटले तर तो जुनी चिठ्ठी काढत नाही. तिच्या शेजारी आपली छोटी चिठ्ठी लावतो, खाली स्वतःचे नाव आणि तारीख घालतो. शंभर वर्षांच्या कागदावर तीन-चार चिठ्ठ्या सहज असतात. प्रत्येक चिठ्ठी म्हणते, अमुक दिवशी मला असे दिसले. आमच्या वार्षिकांकातील विभागाच्या शीर्षकाखाली मात्र कोणाची सही नव्हती, तारीख नव्हती.

देशी नावांचाही घोटाळा मुलीने टिपला होता. निघंटूंतील मयूरशिखा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर वैद्यांचे एकमत नाही. कोणी हा नेचा दाखवतात. कोणी बागेतला लाल तुऱ्याचा कोंबडा. कोणी ॲडियांटम कॉडेटम हा दुसराच नेचा. कोणी एलेफंटोपस ही फुलझाडांतली वनस्पती. चौघांनाही मोराचा तुरा दिसला आणि चौघांचेही डोळे प्रामाणिक होते. पण औषध देताना प्रामाणिक डोळे पुरत नाहीत. आणि 'मोरपंखी' म्हणाल तर कोणत्याही रोपवाटिकेत तुम्हांला थूजा मिळेल, जिचा नेच्यांशी काडीचा संबंध नाही.

ग्रंथांतही ती अशीच दोन दारांमध्ये उभी राहिली. मुंबईच्या सेंट झेवियर्समधील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी'अल्मेडा यांनी १९२२ साली 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ सिद्ध केला. पण तो मुंबई इलाख्याचा, आणि मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ साली निघाला. तो सपुष्प वनस्पतींचा. मुलीची विहीर पहिल्या ग्रंथाच्या सीमेबाहेर होती आणि मोरशिखा दुसऱ्याच्या. म्हणून, असे तिने शेवटच्या पानावर लिहिले होते, ही नोंद मी करत आहे. त्या ओळीवर आमची रेघ सर्वांत जाड होती. लेख भावनेवर संपावा असे आम्हांला वाटले होते.

गिलावा पुरा झाला त्या संध्याकाळी आम्ही त्या अंकाची आमच्याजवळची एकमेव प्रत काढली. 'दलित आत्मकथन' या शीर्षकाला हात लावला नाही. लेखाच्या शेजारी कोऱ्या जागेत एक छोटी चिठ्ठी डकवली: निबंध, वनस्पतिविषयक. खाली आमचे नाव, तारीख. दुसरी चिठ्ठी हर्बेरियमच्या कागदावर: कुल टेरिडेसी, आजच्या वर्गीकरणानुसार. एका जुन्या विद्यार्थ्याकडून तिचा क्रमांक मिळवला आणि दोन्हींची छायाचित्रे तिला पाठवली; सोबत ही सारी हकिकत आणि क्षमेचे चार शब्द.

दोन दिवसांनी उत्तर आले. क्षमेविषयी त्यात काही नव्हते. "सर, कुल बरोबर लिहिलंत. पण निबंध कशावरून? पहिल्या पानावर वर काय लिहिलं होतं ते बघा. आणि आजीचं वाक्य चौकटीतून काढून जागेवर ठेवा. त्यात दुःख होतंच, पण मी ते स्थळ म्हणून लिहिलं होतं. ती मोरशिखा आमच्या घरात पहिल्यांदा तिनं पाहिली."

आम्ही पहिले पान पुन्हा उजेडात धरले. आमच्या पहिल्याच लाल रेघेखाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक शब्द होता: टिपण.

दुसरी चिठ्ठी पहिलीच्या खाली लावली आहे. पहिली तशीच आहे. हर्बेरियमच्या कागदावर, 'गोळा करणारी' या ओळीच्या वर, 'प्रथम पाहणारी' अशी एक ओळ हवी का, हे आम्ही तिला विचारले आहे. या वेळी उत्तर येईपर्यंत काही लिहिणार नाही.